वाईड की वाईट

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "डावीकडे हे कोपर कुणाचं?" ते तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं. ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या इथे निरगुडसरला, माहेरी परत आल्या, तेव्हापासून फोटोला दाराच्या चौकटीशीच बसतात. माजघर अरुंद. फोटो काढताना मागे सरून माझी पाठ भिंतीला टेकली तरी त्या अर्ध्याच येतात. आता त्यांनी नव्वदी गाठली आहे. या वर्षी त्या पूर्ण यायलाच हव्या होत्या. म्हणून तुमच्या बाबांनी इथे ठेवलेल्या कॅमेऱ्यासाठी वाईड लेन्स घ्यायला, मुद्दे कागदावर लिहून, मी मंचरला गेले.

दुकानदार लग्नाचे फोटो काढणारा, बोलायला फार गोड. तिथेच मी सावध झाले. त्याने सतरा ते चाळीस मिलिमीटरची लेन्स पुढे केली; यात पहिला आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं.

"हीच घ्या आज्जी. लई वाईड."

मी कागद पाहिला. ती मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी. आमच्या कॅमेऱ्यावर तिचा सतरा म्हणजे जवळजवळ आमच्या जुन्या लेन्सचा अठराच. तसं म्हटल्यावर त्याने निमूट दहा ते अठराची काढली. खोक्याचं सील फुटलेलं.

"कुणी वापरलीय?"

"गिऱ्हाइकाला दाखवाय फोडली व्हती. आज्जी, तुमी शाळंत व्हता का पोलिसात?"

"शाळेतच. म्हणून थापा ओळखते."

ती आमच्या कॅमेऱ्याला लावून मी समोरच्या बंद दुकानाच्या शटरचा फोटो काढला. कडेच्या पट्ट्या वाकलेल्या. मी तसल्याच लेन्सचं दुसरं, सीलबंद खोकं उघडायला लावलं आणि पुन्हा तोच फोटो काढला. पट्ट्या तशाच.

"आता पटलं का? वाईडला कडा ताणत्यातच. फकस्त कडंला माणूस बसवू नका."

म्हणजे एवढं तरी तो खरं बोलत होता. सीलबंद खोक्यातली ती दुसरी लेन्स घेतली.

भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की आज वाईड लेन्स लावली आहे.

"वाईट?" नणंद म्हणाल्या. "चांगली नव्हती व्हय दुकानात?"

सगळे हसले. मी म्हटलं, "वन्सं, आज तुम्ही मध्ये बसा."

त्यांचं हसू थांबलं. "मधी? मला? काय डाव हाय गं तुजा? फुडल्या दिवाळीला मी नसंन, म्हणून व्हय?"

"नाही हो. ही लेन्स कडेच्या माणसाला ताणते."

"आनि आधीची कापत व्हती. तवा न्हाई सुचलं?"

मी कॅमेरा बटाट्याच्या क्रेटवर ठेवला, टायमर लावला आणि चौकटीशी त्यांच्या जागेवर जाऊन बसले.

फोटो सोबत आहे. डावीकडे लांबलचक हाताची दिसते ती मी. वन्सं मधोमध आहेत, पूर्ण. फक्त त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही. मान वळवून त्या माझ्याकडेच बघताहेत, अजून न पटल्यासारख्या.