दीड तासाचा फॉर्म

माझी मावशी साबणाच्या कारखान्यात वड्या पॅक करते आणि युनियनची खजिनदारही आहे. अकरा वर्षांपूर्वी "तुझं अक्षर चांगलं" म्हणून हे लोढणं तिच्या गळ्यात बांधलं, ते आजवर कुणी सोडवलं नाही.

युनियनचा जमाखर्च सरकारला कळवायचा सव्वीस पानी फॉर्म दरवर्षी तीच भरते. यंदा तो फॉर्म वापरात ठेवायची मुदत संपत होती, म्हणून सरकारने नोटीस काढली: फॉर्म आणखी तीन वर्षं चालू राहील, भरायला अंदाजे दीड तास लागतो, हरकत असल्यास कळवा.

"दीड तास?" मावशी कडाडली. "कुठल्या शहाण्याने भरून बघितला? खुर्चीत बसून आकडे फेकायला काय जातं यांच्या बापाचं!"

हिशेब द्यायला तिची ना नाही. बायकांच्या घामाचा पैसा आहे, म्हणते. पण खोटं तिला खपत नाही. गजराचं घड्याळ समोर ठेवून ती फॉर्म भरायला बसली. नऊ रविवार गेले. काका चहा करायला शिकले. एकूण एकतीस तास लागले, ते तिने सुवाच्य अक्षरात सरकारला कळवले.

चार महिन्यांनी उत्तर आलं. तिच्या सूचनेची दखल घेतली होती म्हणे. सोबत नवा फॉर्म होता, आता सत्तावीस पानांचा. शेवटचं पान वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली: 'फॉर्म भरण्यास लागलेल्या वेळेचा तासवार तपशील पुराव्यासह जोडावा.'

आणि त्याखाली, बारीक अक्षरात: 'अंदाजे वेळ: दीड तास.'