गिटारीचा हर्रास

“दाबली! गिटार पूर्ण दाबून टाकली ना बे यायनं!” बँकेतला मित्र दिवाणावर उभा राहून ओरडत होता. “त्या दिवशी हीच गिटार माह्या छातीत घुसून पाठीतून निंगाली होती. आन् इथं पाय! मच्छर गुणगुणून राहिला!”

“तू आधी खाली उतर,” लग्नांत साउंड लावणारा मित्र म्हणाला. “दिवाण मोडशील. गिटार बराबर आहे. गाणाऱ्याचा गळा फाटला आहे, ते ऐक.”

“फाटला नाही, त्याले दर्द म्हणतात!”

“दर्द असा नसते गा. असा आवाज माह्या जनरेटरचा येते, डिझेल संपलं का.”

मे महिन्यातली दुपार होती. नागपुरात या महिन्यात भरदुपारी कूलर बंद करणाऱ्याला घरचे लोक सरळ डॉक्टरकडे नेतात. आम्ही तो आपल्या हाताने बंद केला होता, कारण कूलरच्या घरघरीत रॉक संगीताचा न्याय करता येत नाही. बाहेर ऊन असं, की समोरच्या तारेवरचा कावळा एकाच पायावर बसला होता आणि दुसरा पाय गार व्हायला वर धरून होता. मी स्वतः पाहिला. बाकीचे दोघं म्हणतात की तिथे तारच नाही. त्यांना बारकावे दिसत नाहीत.

आमच्या लाडक्या बँडचा लाइव्ह अल्बम त्या दिवशी सकाळी नेटवर आला होता. बँड बाहेरगावचा, पण अल्बम आमचा. कारण मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या मैदानावर त्यांनी जो कार्यक्रम केला, तोच हा. आम्ही चौघंही तिथे पहिल्या रांगेत होतो. अल्बमखाली देशभरातल्या चाहत्यांची मतं धडाधड पडत होती आणि बँकेतला ती मोठ्याने वाचून प्रत्येकाशी भांडत होता. कुणाला बास कमी वाटला, कुणाला गाणी लांबली असं वाटलं. एकाने लिहिलं होतं, की शेवटच्या गाण्यात ड्रमरने जी एंट्री घेतली आहे तशी जन्मात ऐकली नाही, हा माणूस प्रतिभावंत आहे.

ते वाचल्यावर बँकेतला थांबला. आम्ही ज्याच्या घरी बसलो होतो, त्या घरमालकाकडे सगळ्यांनी पाहिलं. घरमालक म्हणजे आमचा चौथा मित्र. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता आणि ज्या स्पीकरमधून आवाज येत होता त्याच्याकडे पाहत होता.

ती एंट्री त्याने दिली होती.

हा मित्र संत्र्याच्या बाजारात हर्रास बोलायचा. हर्रास म्हणजे लिलाव. पहाटे ढिगाच्या शेजारी उभं राहून भाव पुकारायचा आणि शेवटी “एक बार, दो बार, तीन” करून माल तोडायचा, म्हणजे सौदा पक्का करायचा. त्याचा आवाज असा, की त्याने बाजारात “एक बार” म्हटलं की कन्हान नदीच्या पुलावर ट्रकवाले ब्रेक मारायचे. फळं आपोआप सोलली जायची असंही म्हणतात, पण ते मी काही पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

आणि हाच माणूस घरात इतका हळू बोलायचा, की वाढताना वहिनींना दोनदा विचारावं लागायचं, भात पाहिजे की पोळी. सगळा आवाज पहाटे बाजारात खर्च करून यायचा. वहिनी बाजारात कधी गेल्या नाहीत. पहाटेच्या हर्रासात घरच्या बाईमाणसाचं काय काम? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्या फोनमध्ये त्याचे बोलून पाठवलेले जुने निरोप आहेत, “उशीर होईल”, “सिलिंडर आलं का”, असे. ते पुटपुटल्यासारखे.

त्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी गिटारवाल्याची तार तुटली. ती बदलेपर्यंत मैदान गप्प झालं. तेवढ्यात आमच्या या पठ्ठ्याने दोन्ही हात वर करून पुकारलं, “बोलाऽऽ! गिटारीचा हर्रास! तार तुटली, माल ताजा!” मागून कुणीतरी ओरडलं, “एक पेटी संत्रं!” दुसरा म्हणाला, “दोन पेट्या, आन् माहा साळा!” याने आवाज आणखी चढवला, “एऽऽक बार!” सगळं मैदान म्हणालं, “दो बार!” मग बाजारात थांबतात तसा तो थांबला. त्या थांबण्यात कुणी खोकतसुद्धा नाही. आपल्याकडच्या माणसाला ते ठाऊक असतं, कुठे श्वास धरायचा ते. आणि मग हजारो गळ्यांतून एकदम “तीन!” निघालं. स्टेजवरच्या बाहेरगावच्या ड्रमरला वाटलं, हे लोक आपल्याला गाण्याची मोजणी देऊन राहिले. त्याने त्या “तीन”वर अशी काठी घातली की गाणं सुरूच झालं. गिटारवाला तार आवळता आवळता पळत आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मित्राचा घसा बसला. आम्हाला त्याचं कौतुक! “बँड चालू केला भाऊनं, घसा बसणारच,” असं सगळ्यांना सांगत फिरलो. बाजारात लोक त्याच्या बसलेल्या आवाजाला हात जोडायचे. महिना गेला, संक्रांत गेली. तो मधाचं चाटण घेत राहिला आणि त्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा खात राहिला. होळीला त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने आत पाहिलं आणि आम्हाला गाठ दाखवली. मग ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. आता तो टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून बोलतो. त्यातून शब्द येतात, पण सगळे एका उंचीचे. आनंद झाला तरी तेवढेच आणि मीठ कमी पडलं तरी तेवढेच. शेठने त्याला मालाच्या वजनकाट्यावर बसवलं. हर्रास दुसरा कुणीतरी बोलतो.

अल्बम येणार असं कळल्यापासून वहिनींनी एकच धरलं होतं. “मले तो आवाज ऐकाचा आहे. एकदा.” मित्रालाही तेच हवं होतं. तो तसं म्हणाला नाही, पण सकाळी त्याने स्पीकर पुसून ठेवला होता. शेवटचं गाणं लावायच्या आधी मात्र वहिनी उठल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही जागा हुडकून ठेवा. मी गच्चीवरून मुगवड्या घेऊन येतो. हुडकली का आवाज द्या मले.”

शेवटचं गाणं आलं. बँकेतला दिवाणावरून उतरला. आधीचं गाणं संपलं, टाळ्या वाजल्या. टाळ्या छान होत्या, सगळ्या एका ठेक्यात.

“ह्या कोणाच्या टाळ्या आहेत बे?” साउंडवाला म्हणाला. “आपले लोक अशा वाजवत नाहीत.”

टाळ्या हळूहळू विरत गेल्या. मग एकदम “तीन!” आणि त्यावर ड्रम.

“मागं घे.”

मागे घेतलं. टाळ्या, मग “तीन!”, मग ड्रम. पुन्हा घेतलं. तार तुटल्याचं नाही, माल ताजा नाही, साळा नाही. मागून बोली बोलणारे नाहीत. “एक बार” नाही. “दो बार” नाही.

साउंडवाला खाली बसला आणि त्याने सांगितलं, जे त्याला सांगावंसं वाटत नव्हतं. दोन गाण्यांमधला रिकामा भाग कंपनीवाले कापतात, तिथे दुसरीकडच्या टाळ्या चिकटवतात. “तीन” ड्रमखाली सापडलं, ते काढता नाही आलं, म्हणून राहिलं.

“तीनमधी तर हा आहेच!” बँकेतला ओरडला. “ऐका! तो मोठा आवाज याचाच आहे! परत लाव!”

परत लावलं. त्या “तीन”मध्ये हजारो माणसं होती. मी होतो, साउंडवाला होता, साळा विकायला काढणारा होता. मित्र खुर्चीतून पुढे वाकला होता. त्याने कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. मग सरळ बसला.

बँकेतला म्हणाला, मी लिहितो त्यायले, असं कसं कापलं विचारतो. खाली मत टाकतो, प्रतिभावंत कोण ते सांगतो सगळ्या देशाले. तो बोलत राहिला. मला त्याचं तोंड हलताना दिसत होतं. घाम डोळ्यात जात होता, तो पुसावा असं काही वाटलं नाही. कूलर लावायला कुणी उठलं नाही. तिकडे गाणं पुढे चालू होतं, आणि गिटार खरंच दाबलेली होती.

जिन्यावर पावलं वाजली, तसं साउंडवाल्याने गाणं बंद केलं. वहिनी आल्या, हातात सुपडं, सुपड्यात वाळलेल्या वड्या, तोंड उन्हाने लाल.

“हुडकला का? आवाज नाही देला तुम्ही.”

मग मीच उठलो, कारण गप्प बसणं मला येत नाही.

“हुडकला म्हणजे काय वहिनी! असा आला, असा आला, का स्पीकरची जाळी फाटता फाटता राहिली. समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली घुसलं. आम्ही तिघं इथं भिंतीले टेकून उभे. पण आता नेट गेलं ना. त्याच्याच आवाजानं गेलं असंल, काय सांगावं. मी दुसरीकडून आणतो, मंग ऐकवतो तुम्हाले.”

साउंडवाल्याने मान हलवली. बँकेतला म्हणाला, “हो वहिनी. खतरनाक.”

वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या, जशा माझ्या सगळ्याच गोष्टींना हसतात. सुपडं टेबलावर ठेवलं. पदराने तोंड पुसलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

“आला का हो?”

मित्राने यंत्र उचललं आणि गळ्याला लावलं.

“नाही आला.”