धाकटीने हात आखडला

त्या घरात सून एकच होती, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरले दीर आणि थोरली जाऊ वीस वर्षांपूर्वी शहरात गेले ते गेलेच; वर्षाकाठी एखादा फोन, बाकी शुकशुकाट. पण नाव एकदा पडलं की पडलं. मी तिथल्या शाळेत बदलून गेले तेव्हा तिच्या नि माझ्या खोलीत एकच भिंत होती. तीही अशी, की पलीकडे उचकी लागली तर अलीकडून पाणी विचारावं.

जागा म्हणाल तर रस्ता जिथे संपतो तिथे. पुढे फक्त दगडाची खाण. बस दिवसाआड, मोठं गाव साडेतीन तासांवर. चाळीसेक घरं, शाळा, एक दवाखाना, ज्यात नर्स कायमची आणि डॉक्टर महिन्यातून दोनदा, आणि दुकान एकच. धाकटीचा नवरा खाणीत ड्रिलमशिन चालवायचा. ती घरी शिलाई करायची. घरात सासूबाई आणि चौदा वर्षांची मुलगी.

नवऱ्याच्या मनात आलं, धुळीत किती वर्षं खोकायचं? मोठ्या गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढून त्याने जुना टेम्पो घेतला. वस्तीवर माल आणायचा, स्वतःचा मालक व्हायचं. चार महिने बरं चाललं. मग खाण अर्धी बंद पडली, माल मागवणारेच उरले नाहीत, आणि टेम्पोचा गिअरबॉक्स घाटात बसला. टेम्पो भंगाराच्या भावात गेला. कर्ज मात्र जागेवर राहिलं. तो मुकाट पुन्हा ड्रिलमशिनवर गेला.

"पगारातल्या दहातले चार हप्त्याला जाणार," त्याने जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

"किती वर्षं?"

"चार."

धाकटी रडली नाही, भांडली नाही. "उरले सहा," एवढंच म्हणाली आणि त्याला वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने हात आखडला. दोन फोनपैकी एक बंद केला. चहा तीनदाचा दोनदा झाला. मोठ्या गावाची फेरी दोन महिन्यांतून एकदा, तीही कामं साठवून. नवऱ्याच्या सिगारेटी सहावरून दोनवर आल्या, आणि त्या दोन ती स्वतः काढून द्यायची. मुलीचा जुना कोट उलटा करून असा शिवला, की वर्गात मला तो नवाच वाटला. नवऱ्याचे केसही घरीच कापायला घेतले. पहिल्या खेपेला तो माझ्याकडे डोकं दाखवायला आला. "बाई, बघा. खाणीत मला अर्धी सोललेली मेंढी म्हणतात."

"वाढतील," आतून आवाज आला.

"अगं, पण दात कोरून पोट भरतं का?"

"नाही भरत. दात तरी स्वच्छ राहतात."

खरी मेख दुकानात होती. तिथे सगळं पुड्यांमध्ये आणि उधारीवर मिळायचं: पावशेर डाळ, वाटीभर तेल, चार चमचे चहापूड. दुकानदारकाका माणूस वाईट नव्हता, पण तेवढीच डाळ पोत्याने घेतली तर किती स्वस्त पडते हे टेम्पोच्या दिवसांत धाकटीने डोळ्यांनी पाहिलं होतं. वाहतुकीचं नाव करून चौथा हिस्सा जास्त जात होता. तिने मला आणि आणखी दोन घरांना एकत्र केलं. चौघींनी मिळून बसच्या ड्रायव्हरबरोबर डाळीचं एक पोतं आणि तेलाचा एक डबा मागवला.

दुकानदारकाकांनी ते पोतं टपावरून उतरताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. आठवडाभर ते तिला "शिल्लक नाही" म्हणत राहिले. मीठसुद्धा शिल्लक नाही! एकच दुकान असलेल्या वस्तीत हे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर.

ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी मागे होते. "काका, तुमची मागची उधारी आहे, ती महिन्या-महिन्याला देईन, बुडवणार नाही. पण मला पुड्या परवडत नाहीत. रोख दिले तर पोत्याच्या भावाने द्याल का?"

"आणि सगळेच असं मागायला लागले तर?"

"तर सगळेच रोख देतील. उधारीच्या मागे दारोदार फिरून तुमचेही गुडघे गेलेच आहेत की."

काका बराच वेळ तराजू पुसत बसले. मग म्हणाले, "मीठ किती पाहिजे?"

मला वाटलं, आता घडी बसली. सहा महिने बसलीही होती. मग एका सकाळी नळावर पाणी भरताना सासूबाई मटकन खाली बसल्या. तोंड वेडंवाकडं झालं नाही, वाचा गेली नाही, पण डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही त्यांना आत नेऊन निजवलं; नर्सताई धावत आली, रक्तदाब मोजला आणि तिचा चेहरा उतरला. उशाशी गोळ्यांची पाकिटं होती. तिने ती हातात घेतली.

"आजी, या तर दोन आठवड्यांपूर्वीच संपायला हव्या होत्या. अजून एवढ्या कशा?"

म्हातारी आधी ऐकू येत नसल्यासारखी छताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती साबण अर्धा करते. मी गोळी अर्धी केली. माझं दुसरं काय कमी करण्यासारखं आहे?"

धाकटी दारात उभी होती. तिने सासूबाईंचे पाय पांघरुणात सारले आणि मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळाने मी गेले, तर ती धुणं धुण्याच्या दगडावर बसली होती. हप्त्याचं कळल्या दिवशी जे रडली नव्हती, ते सगळं तेव्हा रडली. "बाई, मी चमचे मोजत बसले नि माणूस मोजायचं विसरले," म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने घरच्यांना एकत्र बसवलं. भिंत पातळ, त्यामुळे मला ऐकू येणारच. "आजपासून कोणी गुपचूप काही कमी करायचं नाही. काय तोडायचं ते इथे बसून ठरेल. औषध आणि शाळा यांना हात नाही. आई, रोजची गोळी माझ्यासमोर घ्यायची."

मुलगी म्हणाली, तिने सहलीची चिठ्ठी घरी दाखवलीच नव्हती. आणि नवऱ्याचा आवाज: "माझंही एक आहे. गिअरबॉक्ससाठी खाणीतल्या मुकादमाकडून पैसे घेतले होते. सांगितलं नव्हतं."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण धाकटी म्हणाली, "सांगितलंत ना? झालं. उद्या मुकादमाशी मी बोलते." आणि बोललीही. त्याच्या घरातल्या सगळ्यांची वर्षभराची शिलाई करून तिने ते देणं फेडलं. मुलगी सहलीला गेली.

टेम्पोचं कर्ज चार वर्षांऐवजी तीन वर्षं दोन महिन्यांत फिटलं. शेवटचा हप्ता भरायला दोघं मोठ्या गावात गेली, त्याच बसने मीही त्यांच्यासोबत गेले होते. पतसंस्थेतल्या माणसाने शिक्का मारून कागद तिच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, मग लांब, मग हात पार ताणून, आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीच वाचा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "कधीपासून दिसत नाही तुला?"

"दिसतं की. बारीक तेवढं नाही. सुईत दोरा पोरगी ओवून देते."

"कधीपासून?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"गुपचूप काही कमी करायचं नाही, हे कोण म्हणालं होतं गं?"

ती ओशाळून हसली. त्याने तिचा हात धरला आणि भर रस्त्यातून तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. ती फ्रेमचे भाव विचारायला लागली, तेव्हा त्याने दुकानदाराला सांगितलं, "यांना भाव सांगू नका."

चष्मा संध्याकाळच्या बसआधी तयार झाला. बसमध्ये ती आधी बाहेर बघत होती. विजेच्या तारांवर बसलेले पक्षी तिने एकेक करून मला दाखवले. मग वळून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अहो, तुम्ही केवढे पिकलात!"

"सांभाळून कापायला शिकलीस, तोवर पिकले," तो म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.