मशीनकडे मान वळवणारा माणूस

सहदेव घाडीगावकर मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. नुसत्या आवाजावरून सांगायचे, अमुक बेअरिंग गेलं. कारखाना सुटला, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. शेजारणीचा मिक्सर लागला, की हे भिंतीशी मान वाकडी करून उभे! एकाहत्तराव्या वर्षी मात्र हेच सहदेवराव आंबिवलीच्या बाजारातून घरी येताना भलत्याच सोसायटीच्या जिन्यात बसलेले सापडले.

डोंबिवलीला मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्ट म्हणे, स्मरणशक्तीचा भाग आक्रसलाय, डिमेन्शिया असू शकतो. बायकोने, शेवंतीबाईंनी, दाराला आतून कुलूप घातलं. महिन्याने ठाण्याला दुसरा काढला. तो म्हणे, वयाच्या मानाने सगळं ठीक. कुलूप निघालं. पण दोघांतलं खरं कुठलं? महिन्याभरात मेंदू परत भरून येतो की काय? नवऱ्याला एकटं बाहेर सोडायचं की नाही, एवढं साधं कुणी सांगेना.

"अगं, मी काय कैदी आहे?" सहदेवराव ओरडायचे.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या. "फोटो काढताना हललेत हे. मशीन वेगळी, सेटिंग वेगळं, त्यात अशा धूसर फोटोत ज्याला जे दिसेल ते. पुन्हा काढा."

शेवंतीबाईंनी तिसऱ्या एमआरआयची तारीख घेतली.

तिसऱ्या खेपेला कल्याणच्या सेंटरमधल्या समीक्षा नावाच्या टेक्निशियनने स्कॅन मध्येच थांबवला. "काका, मान का वळवताय?"

"पोरी, मशीनचा ठोका बदलला. बघायला नको?"

कानात बोळे घालूनही! समीक्षाने कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "काका, आवाज बदलणारच, ते मुद्दाम आहे. डोळे मिटून फक्त ऐका. काय बिघडलंय ते बाहेर आल्यावर सांगा."

सहदेवराव दगडासारखे पडून राहिले. बाहेर येताच म्हणाले, "चौथा आवाज ओढून चालतोय."

या वेळी फोटो लख्ख आला. डॉक्टर म्हणाले, "थोडा आक्रसलाय. आजाराची सुरुवात दिसतेय. वर्षाने याच मशीनवर, याच सेटिंगने काढू, म्हणजे फरक नीट मोजता येईल."

"म्हणजे कुलूप लावू की नको?"

"कोंडू नका. एकटंही सोडू नका."

हे काय उत्तर झालं? दुसऱ्या दिवशी सहदेवराव बाजाराला निघाले, तशा शेवंतीबाई गुडघे चोळत त्यांच्या मागे निघाल्या. नाक्यावर सहदेवराव थबकले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. शेवंतीबाई चार पावलं मागे. वाट सांगावी की थांबावं, तेच त्यांना कळेना.