लाल टोकाचं फुलपाखरू

थेरगावात राहणारा भिवा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा खरबरीत असतात. हातातल्या ग्राइंडरने त्या घासून काढायच्या, हे त्याचं काम. लग्नाआधीपासून तो हेच करत आला होता.

गुरुवारी सुट्टी असायची. बरोबरचे लोक त्या दिवशी झोप काढायचे. भिवा मात्र सकाळीच मोटरसायकल काढून चऱ्होलीच्या पुढच्या माळावर जायचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने धंदा बंद केला, तेव्हा त्याचा कॅमेरा भिवाने घेतला होता. सरडे, चंडोल, मुंगूस, जे दिसेल ते तो टिपायचा. पण त्याचा खरा जीव फुलपाखरांवर. आठवडाभर कानात ग्राइंडर वाजत असायचा. माळावर पोटावर पडून राहिलं की तो हळूहळू विरायचा, असं तो बायकोला सांगे. कस्तुरा म्हणायची, "पडून तर घरी पण राहता येतं."

एक फुलपाखरू मात्र त्याला कधीच सापडलं नव्हतं. पांढरंशुभ्र, आणि पुढच्या पंखांची टोकं लालभडक. फाल्गुनात पळस फुलला की ते माळावर दिसायला लागायचं, पण बसायचं नाव नाही. भिवाकडे त्याचे कितीतरी फोटो होते आणि सगळ्यांत नुसता एक पांढरा ओरखडा होता.

यंदाच्या फाल्गुनात स्थिर बसलेल्या सरड्यांचे फोटोही हललेले यायला लागले. भिवाला वाटलं, कॅमेऱ्यातच बिघाड आहे. तो चिंचवडच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. त्या माणसाने दोन-चार फोटो काढून पाहिले आणि म्हणाला, "कॅमेरा ठीक आहे काका. तुम्ही बटण फार जोरात दाबताय. सगळा कॅमेराच खाली जातोय."

मग भिवाच्या लक्षात आलं की बटण किती दाबलं हे बोटाला कळतच नाही. सकाळच्या गारव्यात बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, हे तो बरीच वर्षं बघत होता; ग्राइंडरवरच्या सगळ्यांनाच ते व्हायचं. आता उन्हं वर आली तरी ती जागी होत नव्हती.

पिंकी, त्याची मुलगी, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली. "मशीनच्या थरथरीने नसा गेल्यात," ते म्हणाले. "ते काम बंद करा, म्हणजे वाढणार नाही. जे गेलंय ते परत येईल असं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी भिवा सुपरवायझरशी दुसऱ्या कामाबद्दल बोलला. धनेश वयाने लहान, पण माणूस चांगला.

"भिवाभाऊ, मी स्टोअरमध्ये विचारलं," धनेश दुपारी म्हणाला. "जागा नाही. आणि ग्राइंडर जमत नाही असं मी वर कळवलं, तर ठेकेदार दुसरा माणूस पाठवेल. मग तुमचं काय? कळवू का?"

"नको," भिवा म्हणाला, आणि हातमोजे चढवून कामाला लागला.

त्या गुरुवारी कस्तुराच म्हणाली, "मी पण येते." ती याआधी कधी आली नव्हती.

माळावर ऊन कोवळं होतं. वाघाटीच्या काटेरी झुडपापाशी भिवा थबकला आणि त्याने कस्तुराचा दंड धरला. एका काडीला फुटलेला कोष होता. त्याच्या शेजारी नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू लटकत होतं. पंख ओले, चुरगळलेले. ते जरा उलगडले तेव्हा टोकाचा लाल रंग दिसला.

"हेच ते," भिवा हळूच म्हणाला. "पंख वाळेपर्यंत ते कुठे जाणार नाही."

त्याने गुडघे टेकले. फोटो काढला, पाहिला. हललेला. पुन्हा काढला. कोपर मांडीवर टेकवलं, श्वास रोखला, डाव्या हाताचं बोट वापरून पाहिलं. सगळे हललेले. काखेत धरून त्याने बोटांना ऊब दिली. काही फरक पडला नाही. शेवटी त्याने कॅमेऱ्याचा पट्टा कस्तुराच्या गळ्यात घातला.

"यातून बघ. बटण अर्धं दाबायचं, चित्र स्वच्छ झालं की मग पूर्ण."

"अर्धं म्हणजे किती?"

भिवाने दाखवायला बोट बटणावर ठेवलं. त्याला सांगता येईना. "अर्धं म्हणजे... तुझं तुलाच कळेल."

कस्तुराने फोटो काढला. पुढचं पान स्वच्छ आलं होतं, फुलपाखरू पुसट. दुसऱ्यात फुलपाखरू अर्धंच आलं. इतक्यात पंख ताठ झाले, दोनदा उघडमीट झाली आणि ते माळावरून निघून गेलं.

"एवढा वेळ होता," भिवा म्हणाला. "एवढा वेळ ते बसलं होतं आणि तुला एक फोटो काढता आला नाही."

कस्तुराने पट्टा काढला आणि कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला. भिवा त्याच्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझी चूक नव्हती."

"माहितीय मला," ती म्हणाली.

पिंकीने ते फोटो कॉम्प्युटरवर टाकून पाहिले. उजेड वाढवता येतो, हललेलं स्थिर करता येत नाही, असं तिने सांगितलं. भिवा अजून ग्राइंडरवरच आहे. शर्टाची वरची बटणं आता कस्तुरा लावून देते.

पुढच्या गुरुवारी तो अंथरुणातच पडून होता. कस्तुराने कपाटातून कॅमेरा काढून त्याच्यापुढे धरला. "हे पुढचं झाकण कसं काढायचं?"

त्याने सांगितलं. मग दोघं निघाले.

वाघाटीपाशी ते ऊन चढेपर्यंत बसले. कस्तुरा कॅमेऱ्याला डोळा लावून झुडपाकडे बघत होती. "आता अर्धं दाबलंय," ती म्हणाली.

"दिसतंय काही?"

"पानं दिसतायत."

"राहू दे तसंच," भिवा म्हणाला, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून झुडपाकडे पाहत राहिला.