कढईपूजनाचं आवतन

दर्यापुरात आमच्या वस्तीतल्या बारा जणी मिळून आम्ही एक स्वयंपाकघर चालवतो. कॉलेजच्या मुलांचे डबे, दवाखान्यात भरती असलेल्यांच्या नातेवाइकांचे डबे, आणि लग्नसराईत मोठी भांडी भाड्यानं. नफ्यातला एक हिस्सा वस्तीच्या अडीनडीसाठी बाजूला ठेवायचा, असा आमचा ठराव आहे. अडीनडी म्हणजे नेमकं काय, ते ठरावात लिहायचं राहून गेलं. त्यामुळे दिराच्या मोटरसायकलचं टायर अडीनडीत बसतं का, असं विचारायला वर्षभर कोणी ना कोणी येत असतं.

पोळ्याच्या आधी नाल्याचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं, तेव्हा मात्र कोणाला काही विचारावं लागलं नाही. माणसं वेळेवर गच्चीवर चढली, जीव वाचले. पण पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, धान्य भिजलेलं, शेगड्या चिखलानं लिंपलेल्या. एका घरचं सिलिंडर शेजारच्या संडासात सापडलं. त्यावरून दोन्ही घरांत जो वाद झाला, त्याला पुराशी काही देणंघेणं नव्हतं.

आम्ही त्याच संध्याकाळी मोठी कढई चढवली आणि खिचडी केली. एका ऑटोला भोंगा बांधला आणि खालच्या गल्लीतून दोनदा फिरवला: जेवण तयार आहे, सर्वांनी यावं, मोफत आहे.

एकही माणूस आला नाही. चार पोरं ताटल्या घेऊन निघाली होती, त्यांना आयांनी हाका मारून परत नेलं. आमची आचारीण कढईपाशी झारा घेऊन उभी होती, ती मला म्हणाली, "बाई, माह्या खिचडीची कोनी बदनामी केली काय?" शेवटी ती खिचडी आम्ही बसस्टँडवर नेली. तिथं ड्रायव्हर-कंडक्टरांनी ती दोनदा मागून खाल्ली आणि पूर रोज यावा असं तोंडावर बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीत गेले. मी मूळची अकोल्याची, शहरातली. लग्न होऊन इथं येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी इथल्या माणसांचं मला काही कळत नाही असं इथल्या माणसांचं मत आहे. गल्लीत सगळ्यांत मोठी म्हणजे मोठी माय. तिच्या घरची फुलशेती आहे. झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती जे करेल ते गल्ली करते. ती ओट्यावर पलंग टाकून बसली होती. मुलगा मळ्यात काय उरलं ते बघायला गेला होता, सून घरातला गाळ घमेल्यानं बाहेर काढत होती.

"काल जेवायला का नाही आलात?" मी विचारलं.

"कोनाच्या घरी?"

"आमच्या स्वयंपाकघरात. भोंगा फिरवला ना."

"भोंग्यावर पोलिओचा डोस सांगतात, सूनबाई. जेवाले बलावतात काय कोनी? आमी काय मागाले निंगालो काय?"

सुनेनं मला बाजूला नेलं. मोठी मायला साखरेचा आजार, सकाळ-दुपार गोळी चालू. गोळी ती नेमानं घेत होती आणि वर मूठभर मुरमुरे, त्यामुळे साखर एकदम उतरायची. "आज सकाळी दारातच लटपटल्या," सून म्हणाली. "धरलं नसतं तं पडल्या असत्या गाळात. गोळी थांबवा म्हणलं, तं म्हनतात डॉक्टरनं सांगतलं ते मी मोडत नाही. जेवा म्हणलं, तं म्हनतात आवतन कुठी हाय."

म्हणजे डॉक्टरचंही ऐकायचं आणि रीतही सांभाळायची, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाई पडून मरायची. असं मला चालणार नव्हतं. मी तडक परत आले आणि बायकांची बैठक घेतली.

"आवतन द्यायचं," मी म्हटलं. "घरोघरी जाऊन. चूलबंद."

आमच्याकडे चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना जेवायला बोलावणं. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही.

आमची कोषाध्यक्ष हिशेबाची पक्की आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "ज्यायच्या चुली गाळात बुडाल्या, त्यायले चूलबंद? हे तं टकल्याले जाऊन केस नको वाढवू म्हनल्यासारखं झालं."

"बुडाली ती वेगळी. बंद आपण करायची."

आचारीण म्हणाली, "आवतन असन तं खिचडी नाही चालत. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी आन् गोडाचं काईतरी पाह्यजे." यावर कोणी वाद घातला नाही. खालच्या गल्लीचं निमित्त होतं, पण आम्हीही एरवी डब्याच्या उरल्यासुरल्यावरच जेवायचो.

ताटात हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन मी आणि कोषाध्यक्ष निघालो. साड्या पोटरीपर्यंत खोचलेल्या, चपला हातात. पहिल्याच दारात प्रश्न आला: "कायचं कार्य हाय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कार्य नाही तर आवतन नाही. पूर हे काही कार्य नव्हे. मी म्हटलं, "आमच्या मोठ्या कढईचं पूजन आहे."

कोषाध्यक्षेनं माझ्याकडे पाहिलं. कढई सहा वर्षं जुनी, एक कान तुटून पुन्हा जोडलेली. पण दारातल्या बाईनं गंभीरपणे मान हलवली, अक्षता पदरात घेतल्या आणि म्हणाली, "बरं झालं. कढईचं करावंच लागते." त्यानंतर प्रत्येक दारात आम्ही कढईपूजन सांगत गेलो. कोणी हसलं नाही. मोठी मायनं अक्षता कपाळाला लावल्या आणि विचारलं, "किती वाजता?"

"बारा वाजता."

"येतो."

बारा वाजले. पानं मांडून तयार. साडेबारा झाले. पोळ्या कापडाखाली, भात झाकणाखाली, आणि अंगणात आम्ही बारा जणी एकमेकींची तोंडं बघत. "आता काय कढईनं सोता जाऊन बलावावं काय त्यायले?" कोषाध्यक्ष म्हणाली. मी तिला तिथंच सोडून गल्लीकडे गेले.

गल्लीत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी चुकीच्या गावात आले. प्रत्येक ओट्यावर माणसं बसलेली. बायकांनी पेटीतल्या वरच्या, न भिजलेल्या साड्या नेसलेल्या. पुरुषांच्या टोप्या स्वच्छ. पोरांची डोकी तेल लावून चापून बसवलेली. खाली सगळा गाळ आणि वर हे वऱ्हाड. हातात नारळ, ब्लाउजपीस, आणि कोणी जागचं हलत नाही.

मोठी माय इरकली लुगडं नेसून पलंगावर बसली होती. पायात चपला. कपाळाला घाम, ओठ पांढरे.

"मोठी माय, गोळी घेतली?"

"घेतली ना. बारा वाजता जेवन म्हनून साडेअकराले घेतली."

"मग आला का नाहीत?"

"बलावणं कुठी आलं?"

आता मला सगळं आठवलं. सकाळी आवतन, ते वेगळं. पानं वाढली की पुन्हा माणूस दारात येऊन "चला" म्हणतो, ते बलावणं. बलावण्याशिवाय जो जातो तो हावरा. सारी गल्ली भुकेली, पण हावरी म्हणवून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

"मी आलेच आहे ना बोलवायला. उठा."

"मले एकटीले? बाकीची गल्ली?"

"त्यांना सांगते. आधी हा गुळाचा खडा तोंडात टाका." तो मी सुनेकडून मागून घेतला होता.

"जेवाले बलावलं आन् घरून तोंड उष्टं करून जाऊ?" तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

जबरदस्ती करावी तर दात शाबूत होते. सून शहाणी. ती म्हणाली, "सासूबाई, चहानं काई उष्टं होत नाही."

मोठी मायनं विचार केला. "चहानं नाही होत," ती म्हणाली.

घरी गॅस नाही, दूध नाही. सुनेनं गूळ फुटक्या कपातल्या पाण्यात विरघळवला, वर चहापत्तीची चिमूट टाकली आणि चहा म्हणून पुढं केला. मोठी मायनं तो बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला. थंड पाणी ते. पण चहा फुंकून पितात.

तेवढ्यात मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेले. प्रत्येक ओट्यापाशी थांबून, "चला, पानं वाढली." पन्नाशीच्या बाईनं गाळातून असं धावू नये, एकदा घसरून बसलेही. बसल्या बसल्याच समोरच्या दोन घरांचं बलावणं उरकून घेतलं.

गल्ली उठली. पुढं मोठी माय, सुनेच्या खांद्यावर हात. स्वयंपाकघरात आल्यावर ती पंगतीकडे वळलीच नाही.

"कढई कुठी हाय?"

कढईत अजून वांग्याची भाजी होती. आचारणीनं कशीबशी ती आवरून काठ पुसला. मोठी मायनं पिशवीतून झेंडूचा हार काढला. पाणी खाऊन तो काळवंडला होता. मळ्यातून मुलानं आणलेलं एवढंच. तो तिनं जोडलेल्या कानाला अडकवला, हात जोडले आणि मग पानावर बसली.

वाढून झालं. तरी कोणी घास उचलेना.

"यजमान कोन?" मोठी मायनं विचारलं.

बारा जणींनी माझ्याकडे बोट केलं. नफावाटपाच्या वेळी इतकं एकमत कधी होत नाही. मी चिखलानं भरलेल्या साडीतच पंगतीपुढे उभी राहिले, हात जोडले आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

"सावकाश कायले, त्यायले लवकर खाऊ द्या," सून माझ्यामागे पुटपुटली.

मोठी मायनं वरणभाताचा पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला ओठांवर रंग आला आणि चौथ्याला ती म्हणाली, "वांग्यात तिखट कमी हाय." सून माझ्या शेजारी जमिनीवरच बसली.

ताक पिऊन झाल्यावर मोठी मायनं मला जवळ बोलावलं.

"उद्या कायचं कार्य हाय?"

गल्लीच्या शेगड्या सुकायला अजून बरेच दिवस लागणार होते. मी आजूबाजूला पाहिलं. "झाऱ्याचं पूजन."

"बरं. मंग गोळी आवतन आल्यावर घेऊ, का बलावणं आल्यावर?"

"पानावर बसल्यावर," मी म्हटलं. "मी स्वतः देईन."

तिनं कमरेची चंची सोडली, गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली, आणि मागं वळून गल्लीला सांगितलं, "उद्या झाऱ्याचं हाय."