भेगेचं इंजिन

संस्थान विलीन झालं, इंदूर मध्य भारत राज्यात गेलं आणि सरकारी मोटारखान्याला कुलूप लागलं. त्याबरोबर जयसिंगराव मिस्त्री घरी बसले. दरबारातल्या एका सरदारांनी जाताना बक्षीस दिलेली एक उघडी गाडी छत्रीबागेतल्या घराच्या दाराशी उभी होती, पण तिचं इंजिन कधीचंच मेलेलं.

अशात शर्यतीचा नाद असलेल्या एका गिरणीवाल्या शेठजींनी जाहीर केलं, की जो मिस्त्री दुसरं इंजिन बसवून आपली जुनी गाडी मानपूरचा घाट सगळ्यांच्या आधी चढवेल, तो त्यांच्या गराजचा हेडमिस्त्री. जयसिंगरावांच्या अंगात वारं भरलं.

महूच्या लष्करी भंगारात दोन इंजिनं होती. एक ट्रकचं, सहा सिलिंडरचं, दमदार पण बोजड. नाकावर इतकं वजन घेऊन गाडी वळणावर जड जाणार. दुसरं आठ सिलिंडरचं, चपळ, पण तापलं की चिरणाऱ्या जातीचं. ती दाखवली धाकट्या बहिणीच्या, इंदुमतीच्या नवऱ्याने, तुकोजीने. तोही मोटारखान्यातलाच, तोही बेकार. त्याच्याकडेही एक खटारा होता, पण आपण शर्यतीत नाही म्हणाला.

जयसिंगरावांचं मन आठवाल्यावर गेलं. फक्त हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून कुठे भेग नाही ना हे एकदा बघायचं होतं. तुकोजीने देव्हाऱ्यातला बेलभंडार उचलला.

“मल्हारी मार्तंडाची आण, दादा. इंजिन एकदम चोख आहे.”

झालं. मल्हारीचा भंडार उचललेल्या मेव्हण्यासमोर पाना काढायचा म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराने शब्दावर तलवारी म्यान केल्या, त्या घरातला माणूस हेड कसा उघडणार? शहाणपण होतं, ते इमानाने खाल्लं.

शर्यतीच्या सकाळी घाटाखाली तुकोजी आपल्या खटाऱ्यात बसलेला दिसला. आत सहा सिलिंडरवालं. घरच्या माणसाचीही हौस होईल, असं म्हणून जयसिंगराव हसलेसुद्धा. अर्ध्या घाटात त्यांचं पाणी उकळलं, मागून पांढरा धूर सुटला आणि गाडी बसली. तुकोजी भोंगा वाजवत शेजारून वर गेला. त्याने मान वळवली नाही.

घरी आणून हेड उघडलं. भेग होती, लुकणाने बुजवून वरून घासलेली. कानशीचा तो हात जयसिंगरावांनीच शिकवलेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते फार दुखतं.

तरी राग तुकोजीपुरताच होता, कधीतरी उतरलाही असता. पण नवऱ्याला हेडमिस्त्रीची नोकरी लागली म्हणून इंदुमती पेढे घेऊन आली. तुला हे ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं.

“हो नं. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं,” ती सहज म्हणाली. “बाहेरच्याशी केलं असतं तर केवढं झंझट! तुम्ही तर माफ करूनच द्याल, हा भरोसा होता, दादा.”

जयसिंगरावांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात परत ठेवला.

“यंदा भाऊबीजेला येऊ नकोस, इंदू.”

इंदुमती हसली. दादा थट्टा करताहेत, असंच तिला वाटलं.